लाकडी घर आणि वापरता येणारा माळा: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

लाकडी घर बांधायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात माळ्याचा विचार बहुधा सगळ्यात शेवटी येतो. छप्पर तर घालायचेच आहे, त्याखाली जागा उरणारच आहे, तिथे पुढेमागे एक खोली काढू, असा हिशेब असतो. हा हिशेब महागात पडतो. ज्या माळ्यावर माणूस झोपणार, टेबल मांडणार, पुस्तकांचे कपाट ठेवणार, तो घराचा एक पूर्ण मजला असतो. त्याचे वजन पायापर्यंत पोचवावे लागते. त्याला जिना लागतो, उजेड लागतो, आग लागली तर निसटायला दुसरी वाट लागते. हे सगळे पाया खणण्याआधी ठरते. म्हणून या लेखाचा क्रम असा ठेवला आहे: आधी वरून खाली विचार करायचा, मग खालून वर बांधायचे.

इथले आकडे गणित समजावे म्हणून दिले आहेत. वारा, बर्फ, भूकंप आणि माती जागोजागी वेगळी असते, त्यामुळे तुळया-खांबांची अंतिम मापे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच काढून घ्या. घराच्या एकूण खर्चात त्याची फी किरकोळ असते आणि वाचवण्यासारखी तर मुळीच नसते.

आधी डोक्यावरची उंची

एक कागद घ्या आणि घराचा आडवा छेद काढा. समजा घराची रुंदी ७ मीटर आहे, छप्पर दोन पाख्यांचे आहे आणि पाखी थेट माळ्याच्या जमिनीपासून सुरू होतात. उतार ४५ अंशांचा असेल तर आढे, म्हणजे दोन पाखी मिळतात ती वरची कड, जमिनीपासून ३.५ मीटरवर येते. ऐकायला भरपूर वाटते, पण २.१ मीटर उंची मिळते ती फक्त मधल्या २.८ मीटर पट्ट्यात. उतार ३० अंशांवर आणला तर आढेच जेमतेम २ मीटरवर येते, म्हणजे ताठ उभे राहायला कुठेच जागा नाही.

आता बाहेरच्या भिंती माळ्याच्या जमिनीच्या वर १ मीटर चढवा आणि तिथून पाखी सुरू करा. ४५ अंशांना चालण्याजोगा पट्टा २.८ वरून ४.८ मीटर होतो. ३० अंशांनासुद्धा ३.२ मीटरच्या आसपास मिळतो. कडेच्या या बुटक्या भिंतीएवढा फायदा दुसऱ्या कशानेच होत नाही. तिची किंमत मात्र सांगाड्यात मोजावी लागते, ते पुढे येईलच.

ही सगळी उंची कागदावरची आहे. वासे, उष्णता अडवणारा थर आणि आतली तक्तपोशी (फळ्यांचे अस्तर) मिळून २५ सेंमी जाडी धरली, तर ४५ अंशांच्या पाख्यात ती उभ्या मापात ३५ सेंमी खाते. छेद काढताना आतली, तयार छताची रेघही काढा आणि मोजमाप तिथूनच घ्या.

किती उंची पुरे, याला अमेरिकेत प्रचलित असलेल्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडचा निकष मला पटतो: जिथे छत ५ फुटांच्या खाली जाते ती जागा खोलीच्या किमान क्षेत्रफळात धरायचीच नाही, आणि त्या क्षेत्रफळाच्या निम्म्या भागावर तरी ७ फूट उंची हवी. तुमच्याकडचा नियम वेगळा असू शकतो. नकाशा मंजुरीला देण्याआधी तो बघून घ्या, कारण काही ठिकाणी उंची पुरली की माळा अधिकृत मजल्यात मोजला जातो.

जागा अपुरी पडत असेल तर आणखी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे पाख्यातून बाहेर काढलेली उभी खिडकी, म्हणजे डॉर्मर. दुसरा म्हणजे मोडते पाखे: खाली जवळजवळ उभे, वर सपाटीकडे झुकलेले. सतराव्या शतकातला फ्रेंच वास्तुकार फ्रांस्वा मान्सार याच्या नावावरून त्याला मॅन्सार्ड म्हणतात, जरी तसली छपरे त्याच्या आधीपासून होती. दोन्हींत सांधे वाढतात, आणि पाणी गळते ते सांध्यातूनच. पहिलेच घर असेल तर साधे दोन पाख्यांचे छप्पर आणि कडेची बुटकी भिंत एवढ्यावर भागवा.

छप्पर भिंतींना बाहेर ढकलते

हा भाग नीट समजून घ्या, कारण माळ्याची निम्मी दुखणी इथे उगम पावतात.

दोन वासे एकमेकांना टेकवून उभे केले आणि वर वजन ठेवले, की त्यांचे पाय फाकतात. छपराचेही तेच होते. वाशांचे पाय भिंतींना बाहेर रेटतात, आणि छप्पर जितके सपाट तितका हा रेटा जास्त. साध्या घरात समोरासमोरच्या वाशांचे पाय माळ्याच्या कड्यांना, म्हणजे त्याची जमीन पेलणाऱ्या आडव्या लाकडांना, जखडलेले असतात. कड्या ताणात राहून दोन्ही भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवतात आणि त्रिकोण पुरा होतो.

बुटकी भिंत वाढवली की हा त्रिकोण मोडतो. वाशांचे पाय आता कड्यांच्या १ मीटर वर आहेत आणि मध्ये अडवायला काही नाही. मग बुटकी भिंत हळूहळू बाहेर कलते, आढे खाली बसते, पाख्यांना पोट येते. वर आढ्याजवळ आडवी दांडी ठोकून हे थांबत नाही. आढ्यालगतची दांडी वाऱ्याने वासे आढ्यापासून उचकटू नयेत म्हणून असते. रेटा अडवायचा तर दांडी छपराच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात हवी, आणि तिथे ती नेमकी तुमच्या कपाळाला लागते.

यातून सुटका करायची तर आढ्यालाच भार उचलायला लावायचा. साध्या घरात आढे म्हणजे वासे ठोकायला मध्ये धरलेली एक फळी असते. इथे मात्र ती खरीखुरी तुळई होते. वासे तिच्यावर टेकतात किंवा धातूच्या पकडींनी तिला लटकतात, त्यांचे वरचे टोक खाली घसरत नाही, म्हणून पायही फाकत नाहीत. मोबदल्यात छपराचा जवळपास निम्मा भार या एका तुळईवर येतो. तो दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींतल्या खांबांतून, आणि लांबी जास्त असेल तर मधल्या एखाद्या खांबातून, सरळ पायात उतरला पाहिजे. मधला खांब खालच्या मजल्यावर दिवाणखान्याच्या मधोमध येतो की भिंतीत लपतो, हे आत्ताच कागदावर दिसेल. खांबाखाली पायाचा स्वतंत्र ठोकळा लागतो. पाया खणण्याआधी माळा ठरवा असे मी म्हणतो ते याच कारणासाठी.

तयार कैच्या, म्हणजे जोडूनच येणारे छपराचे त्रिकोणी सांगाडे, वापरायच्या असतील तर मागणी देतानाच माळ्याच्या खोलीसाठी बनवलेल्या कैच्या मागा. त्यांच्या पोटात मोकळा चौकोन ठेवलेला असतो. नेहमीच्या कैचीच्या पोटात तिरप्या दांड्यांचे जाळे असते आणि त्यातली एकही दांडी ‘जागा करायला’ कापायची नाही. कापणारे पुष्कळ भेटतात. छप्पर लगेच पडत नाही, म्हणून त्यांना वाटते की जमले.

सांगाडा कोणता

दोन मुख्य पद्धती आहेत. जाड खांब-तुळयांचा सांगाडा, ज्यात सांधे खाच आणि तिच्यात बसणारे कुसू (टोकाची जीभ) काढून बसवतात आणि लाकूड उघडे दिसते. त्याला मुरलेला सुतार लागतो. दुसरी, बारीक दांडकी ४० किंवा ६० सेंमी अंतराने उभी करून भिंती करायच्या आणि त्यावर प्लायवूड ठोकायचे. नवख्याला ही सोपी, कारण प्रत्येक मजला स्वतंत्र चबुतऱ्यासारखा बांधून त्यावर पुढच्या भिंती उभ्या करता येतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तळापासून वळचणीपर्यंत सलग दांडक्यांची घरे बांधत. त्यात भिंतींच्या पोकळ्या धुराड्यासारख्या आग सरळ माळ्यावर नेत. तुमच्या भिंतीत कुठेही अशी सलग उभी पोकळी राहिली, तर प्रत्येक मजल्याच्या पातळीवर आडवा ठोकळा मारून ती बंद करा.

लाकूड

लाकूड घेताना जातीइतकाच त्याचा ओलावा बघा. सांगाड्याचे लाकूड १९ टक्क्यांच्या आत ओलाव्याचे असावे, आतली तक्तपोशी आणि जमिनीच्या फळ्या त्याहून कोरड्या, १२ टक्क्यांच्या आसपास. दोन सुयांचा ओलावामापक फार महाग नसतो. तो घेऊन वखारीत जा आणि थप्पीच्या वरच्या नव्हे, मधल्या लाकडात टोचून बघा. टोकाला टोचू नका, टोके आधी वाळतात आणि फसवतात.

याचे कारण असे. साधारण २८-३० टक्क्यांच्या खाली ओलावा उतरला की लाकूड आक्रसायला लागते, आणि दर ४ टक्क्यांना आडव्या मापात ढोबळमानाने १ टक्का आटते. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणजे २५ सेंमी उंचीची ओली कडी घरात वाळली की सेंटिमीटरभर खुजी होते. सगळ्या कड्या सारख्याच आटल्या तर फारसे बिघडत नाही. पण एक टोक विटांच्या भिंतीवर आणि दुसरे लाकडी तुळईवर असेल, तर माळ्याची जमीन एका बाजूला उतरते आणि दारे अडकू लागतात.

मोठी गाठ काठावर असलेली, पीळ पडलेली, कडेला साल राहिलेली लाकडे तुळयांसाठी बाजूला काढा. त्यांचे छोटे तुकडे करून ठोकळे म्हणून वापरता येतात. आणलेले लाकूड जमिनीपासून उचलून, थरांमध्ये पट्ट्या घालून, वरून झाकून आणि बाजूंनी उघडे ठेवून रचा. चहूबाजूंनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले लाकूड आतल्या आत घामेजते.

पाया आणि तळपट्टी

लाकूड पाण्याने मरत नाही, न वाळल्याने मरते. नॉर्वेत बोर्गुंडचे लाकडी चर्च बाराव्या शतकाच्या अखेरीपासून उभे आहे. त्याआधीच्या तिथल्या चर्चचे खांब जमिनीत पुरलेले असत आणि ते कुजून गेले. पुढे दगडांवर लाकडी चौकट टाकून तिच्यावर खांब उभे करू लागले, तेव्हा इमारती टिकल्या. आजही नियम तोच आहे: लाकडाचा मातीशी संबंध नको.

जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान २० सेंमी वर ठेवा, पावसाचे शिंतोडे जोरात उडत असतील तर आणखी वर. जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा थर द्या. वाळवीचा प्रदेश असेल तर बाहेर ओठ काढलेला पत्रा घाला. त्याने वाळवी मरत नाही, पण तिला आडून चढता येत नाही आणि तिचे मातीचे बोगदे नजरेला पडतात. मग तळपट्टी, म्हणजे भिंती जिच्यावर उभ्या राहतात ती आडवी लाकडी पट्टी, टाका. ती रसायन मुरवलेल्या लाकडाचीच हवी आणि काँक्रीटमध्ये रोवलेल्या बोल्टांनी जखडलेली हवी: बोल्ट दोन मीटरच्या आत एक, आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांजवळ एकेक. तांबेयुक्त रसायन साध्या खिळ्यांना खाते, म्हणून खिळे-बोल्ट जाड जस्तलेपाचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या. त्या लाकडाचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत घालू नका, धूर विषारी असतो.

तळपट्टी गुण्यात (काटकोनात) आहे का हे ३-४-५ च्या त्रिकोणाने तपासा, मग दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत काही मिलिमीटरपेक्षा फरक असेल तर इथेच दुरुस्त करा. इथला सेंटिमीटर आढ्यापर्यंत पोचतो आणि तिथे प्रत्येक वासा वेगळ्या मापाचा कापायची वेळ येते.

भिंती आडव्या जोडून उभ्या करा, ओळंब्यात धरा आणि लगेच तिरपे टेके मारा. प्लायवूड ठोकेपर्यंत ते टेके काढायचे नाहीत. उघडा सांगाडा उभा भार उत्तम पेलतो, पण वाऱ्याने कडेला सहज झुकतो.

माळ्याची जमीन

नुसत्या रिकाम्या, सामान न ठेवायच्या माळ्याच्या कड्या चौरस मीटरला सुमारे ५० किलो भारासाठी आखतात. राहत्या माळ्याला त्याच्या तिप्पट, १४५ किलोच्या आसपास धरावे लागते. जुन्या घरात ‘माळा आहेच, फळ्या टाकल्या की झाले’ म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

कडी जाड करण्यापेक्षा उंच करा. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट. मोडणार नाही एवढे बघून भागत नाही, कारण झुलणारी जमीन मजबूत असली तरी पायाला खटकते. गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, ३६० व्या भागापेक्षा जास्त वाक नको, म्हणजे ४ मीटरला ११ मिमी. प्रत्येक लाकडाला किंचित कमान असते. एका डोळ्याने काठावरून बघा आणि कमानीची बाजू वर ठेवून कडी बसवा. भार आला की ती सरळ होते.

तारा आणि नळ नंतर येतील आणि प्लंबर करवत घेऊन येईल. त्याला आधीच सांगून ठेवा: कडीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात खाच अजिबात नाही, टोकाला खाच उंचीच्या पावभागापेक्षा खोल नाही, भोक उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा मोठे नाही आणि वरच्या-खालच्या कडांपासून ५ सेंमी आत.

जिना कुठे

दुमडती शिडी असलेला माळा काही महिन्यांत अडगळीची खोली होतो. नेमाने वापरायचा असेल तर पक्का जिना हवा, आणि तो जागा खातो. मजल्यापासून मजल्यापर्यंत २.८ मीटर असेल तर १७.५ सेंमीच्या १६ चढण्या होतात. २५ सेंमीच्या १५ पायऱ्या धरल्या तर आडवी लांबी ३.७५ मीटर. डोक्यावर २ मीटर मोकळे हवे असेल आणि माळ्याची जमीन ३० सेंमी जाड असेल, तर वरचे भोक सुमारे ३.३ मीटर लांब पडते. एवढ्या भोकाभोवतीच्या कड्या दुहेरी कराव्या लागतात, आणि जमले तर भोकाची लांब बाजू कड्यांना समांतर ठेवा म्हणजे कमी कड्या तोडाव्या लागतात.

जिन्याचे वरचे टोक आढ्याखाली किंवा त्याच्या जवळ यावे. वळचणीकडे संपणारा जिना कागदावर जागा वाचवतो आणि रोज डोके आपटवतो.

वासे कापणे आणि चढवणे

सगळे वासे एकदम कापू नका. आधी एक जोडी.

७ मीटर रुंदीला अर्धे अंतर ३.५ मीटर, ४५ अंशांना चढही ३.५, म्हणून आढ्याच्या मध्यापासून भिंतीच्या बाह्य कडेपर्यंत वाशाची तिरपी लांबी ४.९५ मीटर. त्यातून आढ्याची अर्धी जाडी वजा होते. तुळई १० सेंमीची असेल तर आडव्या मापात ५ सेंमी. वळचण ६० सेंमी बाहेर हवी असेल तर तिरप्या मापात ८५ सेंमी वाढवा. वाशाच्या पोटाला, भिंतीवरच्या पट्टीवर बसेल तिथे, त्रिकोणी खाच येते: एक काप आडवा, पट्टीवर सपाट टेकणारा, दुसरा उभा, पट्टीच्या बाहेरच्या अंगाला भिडणारा. गुण्या लावून पेन्सिलीने आखा, करवत कोपऱ्याच्या अलीकडे थांबवा आणि उरलेले पटाशीने काढा. करवत कोपऱ्यापलीकडे धावली तर नेमकी तिथून वाशाला चीर धरते. खाच वाशाच्या उंचीच्या पावभागापेक्षा खोल नको.

ही जोडी वर चढवून आढ्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये लावून बघा. सगळीकडे फट न राहता बसली की त्यातला एक वासा ‘नमुना’ म्हणून वेगळा काढा, त्यावर ठळक खूण करा आणि बाकीचे सगळे त्याच्यावरून आखा. नुकत्याच कापलेल्या वाशावरून पुढचा आखत गेलात तर प्रत्येक वेळी पेन्सिलीच्या रेघेएवढी चूक वाढत जाते.

चढवताना जोड्या समोरासमोर लावा, म्हणजे आढे एका बाजूला ढकलले जात नाही. प्रत्येक वाशाच्या पायाला धातूची पकड लावा. वारा छपराला खाली दाबतो त्याहून अधिक वेळा ते वर उचलतो, आणि तिरपे ठोकलेले दोन खिळे उचलाला फारसे दाद देत नाहीत.

ऊन, थंडी, वाफ

छताच्या लगेच खाली राहायचे म्हणजे उन्हाचा तडाखा थेट डोक्यावर. उष्णता अडवणारा थर वाशांच्या मध्ये भरा, पण त्याच्या वर, छपराच्या फळ्यांखाली, ५ सेंमीची सलग पोकळी ठेवा. ती वळचणीपासून आढ्यापर्यंत कुठेही न अडता गेली पाहिजे, खाली हवा आत येईल आणि वर बाहेर पडेल अशी. वळचणीच्या झरोक्यांना जाळी लावा, नाहीतर पक्षी आणि वटवाघळे तुमच्या आधी राहायला येतील.

वाफ अडवणारा पडदा कुठे लावायचा, हे हवामान ठरवते. थंड प्रदेशात तो आतल्या, उबदार बाजूला लागतो. दमट उष्ण प्रदेशात आणि आत एसी असेल तर आतला प्लास्टिकचा पडदा घातक ठरतो, बाहेरून येणारी वाफ त्याच्या पाठीवर पाणी होऊन वाशांना भिजवते. दुसऱ्या हवामानातला व्हिडिओ बघून हा निर्णय घेऊ नका.

खिडकी आणि आग

झोपायच्या माळ्याला माणूस बाहेर पडू शकेल अशी एक तरी खिडकी हवी. वर सांगितलेला कोड निव्वळ मोकळी जागा निदान ५१ सेंमी रुंद आणि ६१ सेंमी उंच मागतो, एकूण ०.५३ चौरस मीटर, आणि उंबरठा ११२ सेंमीपेक्षा वर नको. दोन्ही किमान मापे एकत्र घेतली तर क्षेत्रफळ पुरत नाही, म्हणजे एक बाजू मोठी ठेवावीच लागते. त्रिकोणी भिंतीतली खिडकी सगळ्यात स्वस्त आणि न गळणारी. धूरसूचक प्रत्येक मजल्यावर लावा आणि एकमेकांना जोडा, खाली धूर झाला की वरचाही वाजला पाहिजे.

जाड लाकूड आगीत वाटते त्यापेक्षा चिवट असते. मऊ लाकूड मिनिटाला ०.६५ ते ०.८ मिमी कोळसते आणि तो कोळसाच आतल्या गाभ्याला आडोसा देतो. उघड्या धातूच्या पकडी मात्र लवकर मऊ पडतात, त्यांना जिप्सम बोर्डाखाली झाका.

बंद करण्याआधी

तक्तपोशी ठोकण्यापूर्वी एक जोरदार पाऊस जाऊ द्या आणि टॉर्च घेऊन वर जा. आढे, डॉर्मरचे सांधे, धुराड्याची कड आणि पाख्यातल्या खिडक्यांचे वरचे अंग बघा. ओलावामापक पुन्हा काढा, वासे १९ टक्क्यांच्या वर असतील तर थांबा. भिंती-छपरातल्या तारा, नळ, पकडी यांचे मोजपट्टी धरून फोटो काढा, नंतर खिळा कुठे मारायचा हे तेच सांगतील.

बुटक्या भिंतीलगतचा कमी उंचीचा भाग आतून आडोशाची भिंत घालून बंद केला, तर तिच्यामागे तिरपी जागा उरते. तिथे खालच्या अंगाला छोटी दारे ठेवा, माणूस वाकून शिरेल एवढी. सामान ठेवायला ती उपयोगी आहेतच, पण पहिल्या वर्षभरात तुम्हाला तिथूनच वाशांच्या पकडी आणि बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत. लाकूड आटले की नट सैल पडतात, आणि दाराशिवाय तिथे पोचायचे तर नुकतीच रंगवलेली भिंत फोडावी लागते.